वीत कोणाची?

चालत्या गाडीवरून पडणारे पुष्कळ. मी पिंगळीला उभ्या स्कुटीवरून पडलो. पाय महिनाभर प्लास्टरमध्ये आणि मी खाटेवर. चार दिवसांत भिंतीवरची पालसुद्धा मला ओळखायला लागली.

त्यातच लेकीचं दुसरं बाळंतपण सासरी, झरीला झालं. मुलगी झाली. बाळंतविडा माहेरचा, म्हणजे आमचा. विहीणबाईंचा फोन आला आणि मी बोलून बसलो, "टोपडं मी माझ्या हातानं विणणार!" तिकडं फोन स्पीकरवर होता. अख्ख्या घराच्या टाळ्या ऐकू आल्या.

बायको म्हणाली, "अवो, कशाला या फंदात पडायलाव?"

सुया मला जमणाऱ्या नव्हत्या. पण कडेनं खुंट्या असलेलं प्लास्टिकचं कडं मिळतं. खुंट्यांना लोकरीचे दोन वेढे घालायचे आणि आकड्यानं खालचा वेढा वरच्यावरून उचलून मागं टाकायचा. लेकराचा खेळ. लहानमोठी चार कडी मागवली, मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातली बाई गोड आवाजात म्हणाली, "अब पहला फंदा डालिए." बायकोनं माझ्याकडं नुसतं बघितलं.

मापासाठी लेकीला विचारलं. म्हणाली, "डोकं दोन वीत हाय, बाबा." मी सगळ्यात लहान कड्यावर विती टाकल्या, कडं चार बोटं कमी पडलं. मग त्याच्या वरचं घेतलं.

पहिल्या दिवशी लोकर अशी आवळली, जशी काय खुंटीला बैल बांधलाय. आकडा आत शिरेना. सगळं उसवलं. दुसऱ्या दिवशी ढिली सोडली, तर वेढे आपोआप उड्या मारायला लागले. पळून जावं तर पाय असा, नाद सोडावा तर विहीणबाईंचा रोज व्हिडिओ कॉल. "व्याही, कुठवर आलं टोपडं?" मी मोबाइल पंख्याकडं धरायचो आणि रेंज नाही म्हणायचो.

हात बसला तर वेगळंच संकट. टोपडं संपेना. बंद कसं करायचं तेच मला ठाऊक नव्हतं, आणि कड्यावरून काढलं तर सगळं उसवणार. म्हणून मी आपला विणतोय, विणतोय. बारसं दोन दिवसांवर आलं तेव्हा बायकोला दया आली.

"दाभणात लोकर ववा, समदे वेढे तिच्यावर घ्या आन् नाडीवानी वढा."

"तुला कसं माहीत?"

"दुपारी तुमी घोरायलता, तवा त्या व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं की."

बारशाला मला उचलूनच झरीला नेलं. विहीणबाईंनी टोपडं सगळ्या बायांना फिरवून दाखवलं आणि नातीला घातलं. कपाळ गेलं, डोळे गेले, नाक गेलं. हनुवटीला येऊन थांबलं. आतून आवाज नाही. दहा दिवस मीही त्यातच होतो, त्यामुळं आतली परिस्थिती मला ठाऊक होती. लेक धावली, तेवढ्यात आतून शिंक आली.

"व्याही," विहीणबाई म्हणाल्या, "टोपडं हाय का धान्याची कणगी?"

लेकीनं टोपडं काढलं आणि पंजा ताणून माझ्या पंज्यावर ठेवला. तिची वीत माझ्यापेक्षा चांगली दोन बोटं कमी. "बाबा, माझी वीत सांगितली वो मी!"

बायकोनं पिशवीतून बाजारातलं टोपडं काढलं. ते नेमकं बसलं. मग माझं उचललं आणि प्लास्टरबाहेर आलेल्या माझ्या बोटांवर ओढलं. तेही नेमकं बसलं.

बारसं उरकेपर्यंत माझा पाय पाटावर होता. पाळण्याकडं जाणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पायाशी वाकत होती, तोंडाला पदर लावत होती, आणि मला उठून जाता येत नव्हतं.