उस्तादांचा विलायती गवय्या

पिंपरीच्या आमच्या कारखान्यात उस्ताद लेथ चालवताना कमरेतून असे हलायचे, की चौकोनी रॉडसुद्धा लाजून आपोआप गोल व्हायचा. अंगात पीर-बीर नव्हता. विलायतेतला एक रॉक गवय्या होता. मशिनं बसवायला आलेला इंग्रज साहेब परत जाताना त्या गवय्याच्या सात तबकड्या उस्तादांना देऊन गेला होता.

उस्ताद चाकणचे. इंग्रजी 'यस-नो'पुरतं. पण गवय्याची अख्खी कारकीर्द साहेबाकडून खाणाखुणांनी घोटून घेतलेली: गोदीतली हमाली, कॉफीच्या दुकानातलं पहिलं गाणं, पोरींनी फाडलेले अकरा कोट, मग नव्या गाणाऱ्या पोरांच्या टोळ्या आल्या आणि याचा बाजार उठला. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद सांगत आणि कॅन्टीनमधली भजी गार होत. त्याआधी ती माझ्या गप्पांनी गार होत असत, राव! पुनावळ्याच्या ओढ्यात मी धरलेली मगर लोक साफ विसरले. माझ्या पोटात असा जाळ उठला, की त्यावर कारखान्याची भट्टी चालली असती.

तबकडीला हात लावायचा तर उस्ताद आधी रॉकेलनं हात धूत, मग साबणानं, मग अत्तर. मी एक तबकडी दोन दिवसांसाठी मागितली, तर म्हणाले, "माणूस उसना देईन, आवाज न्हाई."

झालं. सोमवारी मी कॅन्टीनमध्ये ठोकून दिलं, की परदेशी पेपरात आलंय, गवय्या मोटार उलटून गेला. वीज असताना उस्तादांचा लेथ बंद पडलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला. तीन दिवस त्यांनी दाढी केली नाही. चौथ्या दिवशी तबकड्यांची पेटी माझ्यासमोर ठेवली.

"तुमी बातमी आणली, म्हंजे तुमचाबी जीव होता त्याच्यावर. मला मेलेल्याचा आवाज ऐकवत न्हाई."

तिथंच खरं बोलायला हवं होतं. मी पेटी उचलली.

पुढं काही वर्षांनी तळेगाव स्टेशनाबाहेर आम्ही दोघं चहा पीत होतो. हॉटेलातल्या रेडिओवरच्या बाईनं गवय्याचं नाव घेतलं आणि याच महिन्यात निघालेली त्याची नवी तबकडी लावली. उस्तादांनी डोळे मिटून गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"मेल्यापासनं बरा गायला लागलाय," ते म्हणाले.

मी पुटपुटलो, पेटी उद्याच आणून देतो.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. जित्ता हाय, एवढं बास झालं."

आणि ते हसले. सातही तबकड्या झिजवून त्या हसण्यातला चिमूटभर आनंद मला कधी मिळाला नव्हता. हेव्यानं चहा कडू लागला.