आधीच मानलेले आभार

पारनेरच्या बानू शेख गेल्या वर्षी डिसेंबरपर्यंत आमदारांच्या कार्यालयात चौदा वेळा गेल्या. पहिल्या खेपेला त्यांना बसायला सांगितलं गेलं. पाचव्या खेपेपासून त्या न सांगता बसू लागल्या. दहाव्या खेपेला कुणा नवख्या माणसाने त्यांनाच विचारलं, "साहेब कधी येणार?" बानूंनी वेळ सांगितली आणि ती बरोबर निघाली.

मागणी लहान होती. तहसील कचेरीमागच्या दोन खोल्यांत दिव्यांग मुलांचं केंद्र चालतं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट सुकन्या यांचा दर खेपेला नव्याने निघणारा अकरा महिन्यांचा नेमणुकीचा आदेश डिसेंबरअखेर संपत होता. पुढच्या मानधनासाठी सरकारने निधी द्यावा, एवढंच. बानूंची मुलगी उझ्मा नऊ वर्षांची, जन्मापासून पाय ताठ. सुकन्या यांनी दोन वर्षं ते पाय ओढले, वाकवले, तेव्हा कुठे ती गज धरून उभी राहायला लागली. व्यायाम बंद पडला तर पाय पुन्हा आखडतील आणि मग ऑपरेशनच, असं डॉक्टर म्हणाले होते. निवेदनात हे सगळं होतं. निवेदन देतानाचा फोटोही दर खेपेला निघायचा. चौदाही फोटोंत साहेबांचं हसू एकसारखं आहे; बानू मात्र फोटोगणिक वाळत गेल्या आहेत.

साहेब माणूस वाईट नव्हते. नागपूरच्या अधिवेशनासाठी त्यांनी याच विषयावर प्रश्न टाकला. तो कामकाजाच्या यादीत लागल्याचं कळलं तेव्हा केंद्रात पेढे वाटले गेले. निधी मिळाला असता तर याहून जास्त वाटले गेले असते असं नाही.

पेढे आणले होते मच्छिंद्र यांनी. त्यांचं स्टँडजवळ किराणा दुकान, आणि मुलगा याच केंद्रात. पेढा खाता खाता त्यांना सुचलं.

"बानूभाभी, आभाराचा फ्लेक्स लावू."

"काम कुठं झालंय, भाऊ?"

"झाल्यावर कोन लावतंय? आमच्या वाडीचा रस्ता कसा झाला? आधी आभार मानले. चौकात एवढा मोटा फोटू लागल्यावर साहेबाला न्हाई म्हनता यील का? लाजंखातर करावंच लागतंय."

बानूंना पटलं. इकडे पटण्यासारखंच आहे ते. चौकात फ्लेक्स लागला: 'फिजिओथेरपिस्टचे पद कायम केल्याबद्दल आमदारसाहेबांचे हार्दिक आभार. – समस्त पालक.' साहेबांनी येता-जाता गाडीतून पाहिला आणि हात जोडले.

मधल्या काळात प्रश्नाच्या उत्तरासाठी खात्याने तालुक्याकडून अहवाल मागवला. अहवाल लिहिणारा कारकून प्रामाणिक होता. कार्यालयात बसून अहवाल लिहिण्याची सोय असताना तो स्वतः चौकापर्यंत चालत गेला. 'सदर मागणी पूर्ण झाली असल्याचे व त्याबाबत पालकांनी समाधान व्यक्त केल्याचे दिसून येते,' असं त्याने लिहिलं आणि फ्लेक्सचा फोटो जोडला.

मंत्रिमहोदयांचं लेखी उत्तर दोन ओळींचं होतं. निधीअभावी पद बंद पडणार, हे खरे आहे काय? – हे खरे नाही. असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? – प्रश्न उद्भवत नाही.

बानू उत्तराची प्रत घेऊन पंधराव्यांदा गेल्या. साहेब बाहेरगावी होते. पीएने प्रत वाचली, चष्मा काढला.

"भाभी, आभार तुम्हीच मानले ना?"

"मानले. काम व्हावं म्हनून मानले."

"आता सरकार म्हणतंय झालं."

"न्हाई झालं. सुकन्या मॅडम महिन्याखेरीला चालल्यात. कोपरगावला नोकरी लागली त्यांना."

"ते मला कळतंय हो. पण कागदावर काय आहे ते बघा."

"मग मी लिहून देते, आभार परत घेतले म्हनून."

पीएने चष्मा पुसला. वीस वर्षांच्या नोकरीत त्याने आभार परत घेतलेले पाहिले नव्हते. "तसा अर्ज घेत नाहीत," तो अखेर म्हणाला. "आणि साहेबांना काय वाटेल? तुम्ही असं करा, नवी मागणी द्या. जुनी पूर्ण झालेली आहे."

"मागनी तीच हाय की वो."

"तीच परत कशी चालेल? दुसऱ्या फिजिओथेरपिस्टची मागा. अतिरिक्त पद."

"पहिलीच न्हाई तर दुसरी कशी?"

"पहिली आहे. विधानसभेत सांगितलंय."

बानूंनी अतिरिक्त फिजिओथेरपिस्टच्या मागणीवर सही केली. फोटो निघाला.

डिसेंबरअखेर सुकन्या गेल्या. जाण्याआधी चार दिवस बसून त्यांनी बानूंना व्यायाम शिकवले: गुडघा कुठे धरायचा, कुठवर ओढायचं, मूल ओरडलं तर कधी थांबायचं आणि कधी थांबायचं नाही. पहिले तीन प्रकार बानूंना जमले. चौथा, टाच धरून पाऊल वर दाबायचा, नीट जमत नव्हता. "जमेल," सुकन्या म्हणाल्या, "रोज दोनदा मात्र कराच." कोपरगावहून त्या दोन-तीनदा फोनवर दिसल्या. पण फोनमधून पाय ओढता येत नाही.

फेब्रुवारीअखेर उझ्माच्या डाव्या पायाची टाच जमिनीला टेकेनाशी झाली. बानूंनी ते कुणाला सांगितलं नाही. मच्छिंद्र यांनी विचारलं तेव्हा "बरं हाय" म्हणाल्या.

मार्चातल्या एका सोमवारी सकाळी त्या सतरंजीवर उझ्माचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उझ्माने तक्रार केली, की अम्मी घाई करते. सुकन्याताई सावकाश मोजायच्या आणि त्यांचे हात गरम असायचे. बानूंनी हात एकमेकांवर चोळले, टाच पुन्हा धरली आणि मोजायला सुरुवात केली. मोजता मोजता त्यांची नजर घड्याळाकडे गेली. साहेब सोमवारी दहाला कार्यालयात बसायचे, आणि साडेअकराला मुंबईला निघायचे. अर्थसंकल्पाचं अधिवेशन सुरू होतं.