पुढची सीट

चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस गाडीच्या शर्यतीत उतरतो म्हटल्यावर लोक हसायचे. हसोत बापडे! आठवडाभर तो लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचा आणि सुट्टीला आपल्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालायचा. बायकोने मात्र बजावून ठेवलं होतं, "हे इंजिन शेवटचं. हे गेलं की शर्यत बंद, पुन्हा विषय काढायचा नाही." त्यानेही शब्द दिला होता.

एकच गोष्ट त्याला खुपायची, ती म्हणजे ड्रायव्हरशेजारची सीट. वजन कमी करायला बाकीच्यांनी ती कधीच उपटून टाकली होती. यानेही मागची काढली होती, पण पुढचीला हात लावायची सोय नव्हती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना व्यायामासाठी टेकडीवरच्या दवाखान्यात न्यायचं काम याचं, आणि घरात गाडी ही एकच. सासूबाई तशा फटकळ. "जावईबापू, ही गाडी आहे की पिंप?" हे दर फेरीला ठरलेलं.

मोठी शर्यत तोंडावर आली तेव्हा त्याने टायमिंग पुढे घेतलं. म्हणजे काय, तर डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून तो किंचित फिरवला, की इंजिनातली ठिणगी जरा आधी पडते आणि गाडीला जोर येतो. फारच आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनला दणके बसतात आणि एक दिवस त्याला भोक पडतं. त्याने हेल्मेट घालून सपाट रस्त्यावर गाडी पळवली. अशी सुटली म्हणता! स्वारी खूश. मग हाव सुटली, आणखी केसभर फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना घेऊन तो टेकडी चढू लागला, तोच त्या म्हणाल्या, "डब्यात खडे कशाला भरून ठेवलेत?"

"कसले खडे, आई?"

"खडखडतंय की!"

"जुनी गाडी आहे, वाजायचीच."

"जुनी तर मीही आहे. मागच्या खेपेला वाजत नव्हतं. आणि सपाटीला गप्प असतं, चढ लागला की सुरू."

चढ म्हटल्याबरोबर तो सावध झाला. शर्यतीचा रस्ता सगळा चढाचाच होता! त्याने काच खाली करून ॲक्सिलरेटर दाबला. खडखड, अगदी स्पष्ट. भार आला की इंजिन आतून मार खात होतं, आणि हेल्मेटमध्ये त्याला ते जन्मात ऐकू आलं नसतं.

दवाखान्याच्या आवारातच त्याने बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला. व्यायाम उरकल्यावर सासूबाईंना घेऊन खाली उतरला आणि मुद्दाम तोच चढ पुन्हा चढला. त्या कान देऊन बसल्या.

"अजून एखादा खडा आहे."

तो उतरला, आणखी जरासं मागे घेतलं. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"हं. आता गेला."

शर्यतीत तो चौथा आला. वरच्या वळणावर दोन गाड्या धूर ओकत बाजूला उभ्या होत्या. त्यांच्याजवळून जाताना त्याला सासूबाईंचीच आठवण झाली.

घरी येऊन तो तडक त्यांच्यापुढे बसला. "आई, तुम्ही नसता तर आज माझी शर्यत कायमची संपली असती. हे उपकार मी विसरणार नाही."

"उपकार कसले डोंबलाचे! मला दवाखान्यात जायला गाडी नको?" त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून गाडीला पिंप म्हणणं थांबलं.

पुढे गुडघा बरा झाला, दवाखान्याच्या फेऱ्या संपल्या. सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "काढा आता ती सीट एकदाची. मला कळत नाही का, किती दिवस डोळ्यात सलतेय ते."

त्याने पाना आणला, सीटचे चारही बोल्ट एकेक करून घट्ट आवळले आणि दार उघडून धरलं.

"पुढची शर्यत जवळ आलीय, आई. टायमिंग लावायचंय. चला, चढावर जाऊ."

"थांबा," त्या म्हणाल्या, "चपला घालते."