ॲक्सिलरेटर नसलेली बाजू

ब्रेककाकूंना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्या रागावल्या नव्हत्या, कारण नाव खरं होतं. मोटार शिकवायच्या गाडीत दोघांच्या पायाशी पॅडल असतात. उजवीकडे शिकणारा बसतो, त्याच्याकडे तीन. डावीकडे शिकवणारा, त्याच्याकडे क्लच आणि ब्रेक एवढे दोनच. ॲक्सिलरेटर त्या बाजूला देत नाहीत. शिकवणाऱ्याचं काम गाडी थांबवण्याचं, पळवायला शिकणारा आहेच. काकू ऐन तारुण्यात त्या डाव्या सीटवर बसल्या, त्या केस पांढरे झाले तरी उठल्या नाहीत.

क्लास म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, एक बाक, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी डोक्यावर पाटी मिरवणारी बुटकी पांढरी गाडी. गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत विटा मांडून काकू गाडी मागे घ्यायला शिकवत. "क्लच सोडा. हळू. अहो, हळू म्हटलं, झोपा नाही म्हटलं," हे त्यांचं बोलणं आसपासच्या सगळ्या दुकानदारांना पाठ होतं. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं आणि त्यातलं निम्मं एकदा तरी त्यांच्या ब्रेकमुळे वाचलं होतं.

घरची कामंसुद्धा शिकणाऱ्यांच्याच जिवावर होत. भाजी आणायची तर नव्या बाईंना मंडईच्या रस्त्याने न्यायचं. नवऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे सोडायचं तर तो 'गर्दीत चालवायचा धडा'. नवरा मागच्या सीटवर डोळे मिटून, जीव मुठीत धरून बसे आणि परत घरी उतरल्यावर म्हणे की यापेक्षा दात काढताना बरं वाटलं. या सगळ्यात एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. काकूंच्या सुद्धा. गावाला गाडी शिकवणारी ही बाई स्वतः गाडी जवळजवळ चालवतच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तो अंधार दिसला एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती सुट्टीत परदेशी जाऊन डोंगरातून गाडी चालवणार होती. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं म्हणून घाबरून काकूंकडे आली. डावीकडून रस्ता कसा दिसतो, हे काकूंहून जास्त कोण सांगणार? त्यांनी तिला आपल्या सीटवर बसवलं, कुठून काय दिसतं, कुठली कड लपते ते समजावलं. बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या आणि विचारलं, तिथे या बाजूला ॲक्सिलरेटर असतो का? ती हसली. म्हणाली, असतोच की काकू, नाहीतर गाडी चालेल कशी?

त्या दिवशी काकूंचं शिकवण्यात लक्ष लागलं नाही. जगात एक जागा अशी आहे की जिथे त्यांचीच सीट आहे, आणि तिथे तिसरा पॅडलही आहे. हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच. स्वतःच्या कमाईतले पैसे होते. त्या विद्यार्थिनीकडून सगळी माहिती काढली, कागदपत्रं केली आणि तिकीट हातात आल्यावर घरी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिकीट निघालंच नसतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

नवऱ्याने फारसं काही म्हटलं नाही. त्याला घाटाच्या दुसऱ्या वळणाला उलटी होत असे. लग्न झाल्यापासून दोघांनी डोंगर पाहिला तो लांबून, सपाटीवर उभं राहून. "तिला जाऊ द्या," तो म्हणाला, "मला मळमळतं म्हणून तिनेही कायम सपाटीवर राहायचं का?" नणंद मात्र गप्प बसणारी नव्हती. या वयात, एकटी, नवऱ्याला घरी ठेवून? लोकांना काय सांगायचं? आणि मग तिने खरा बाण काढला. "वहिनी, इतकी वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यात. आता उंट स्वतः हाकायला निघालात, पण जमणार आहे का?"

हे लागलं. लागलं कारण त्यात चूक काही नव्हती.

मुलाचा विरोध वेगळ्या जातीचा होता. तो विम्याच्या कंपनीत होता आणि त्याचं काम अपघातात चेपलेल्या गाड्या बघायचं. दिवसभर चुरगाळलेली बॉनेटं, फुटलेल्या काचा, दाराला लागलेलं काहीबाही. त्याने ओरडाआरडा केला नाही. मी येतो बरोबर, असं म्हणाला. काकू म्हणाल्या, तू आलास तर तूच चालवशील. ते खरं होतं. मग त्याने अट घातली. गाडीला साधा ओरखडा जरी आला तरी तिथेच गाडी परत करायची, बसने नाहीतर ट्रेनने खाली यायचं आणि घरी आल्यावर क्लासच्या गाडीची किल्ली त्याच्या हातात द्यायची. क्लास बंद, गाडी बंद, सगळं बंद.

"शब्द दे, आई."

काकूंनी दिला. तो देताना त्यांच्या मनात खोट नव्हती. आयुष्यात दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता आणि ओरखडा येईल असं त्यांना वाटलंही नव्हतं. ज्या बाईने दुसऱ्यांच्या हातून ओरखडा येऊ दिला नाही, ती स्वतःच्या हातून कशी येऊ देईल?

परदेशातल्या भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात एका पोरगेल्या माणसाने त्यांना राखाडी रंगाची छोटी गाडी दाखवली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि किल्ली दिली. काकू डावीकडे बसल्या आणि घरी आल्यासारखं झालं. तोच कोन, तोच डावा आरसा, तीच डावी खिडकी. उजव्या हाताला गिअर. फक्त पायाशी तीन पॅडल होते. त्यांनी तिसऱ्यावर पाय ठेवला, लगेच उचलला, पुन्हा ठेवला.

पहिल्या दिवशी त्यांची गंमतच झाली. रस्ता मोकळा असला तरी उजवा पाय सवयीने ब्रेकवर जाई. मागे गाड्यांची रांग लागली. मागचे आधी दिवे दाखवत, मग हॉर्न वाजवत. काकू स्वतःलाच दम देत होत्या, आणि तोही विद्यार्थ्यांना देतात तसा, मोठ्याने. आरसा बघा. इंडिकेटर कोण देणार, मी? अहो, पाय काढा ब्रेकवरून, कुणाला वाचवताय? गाडीत दुसरं कुणी नव्हतं, पण धडा घेतला गेला. संध्याकाळी एका डोंगराखालच्या गावात खोली घेतली तेव्हा उजवी पोटरी ठणकत होती. नवऱ्याला फोनवर सांगितलं की जमतंय. त्याने विचारलं, वळणं आहेत का? अजून नाहीत, उद्यापासून, असं ऐकून तिकडे तो नुसत्या कल्पनेनेच उठून पाणी प्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी घाट सुरू झाला. वर पाइनची झाडं, त्यांच्याही वर नागडा काळा खडक आणि त्यावर पांढरे पट्टे, ते बर्फाचे हे काकूंना बऱ्याच वेळाने कळलं. रस्ता डोंगराला दोरी गुंडाळावी तसा चढत होता. प्रत्येक वळणाआधी वेग कमी, गिअर खाली, आणि वळण निम्मं झालं की पाय खाली दाबायचा. हे त्यांनी शेकडो लोकांना सांगितलं होतं. दाबल्यावर काय होतं ते मात्र आज कळलं. गाडी खाली बसते, मग एखाद्या जनावरासारखी पाठ ताणते आणि वर जाते. आणि तिला वर नेलेलं असतं आपण. काकू हसल्या. पुढच्या वळणाला पुन्हा हसल्या. त्यांना वाटलं, एवढी वर्षं मी दुसऱ्यांना हा आनंद वाटत होते आणि स्वतः ताटावरच्या माश्या वारत बसले होते.

खिंडीच्या अलीकडे रस्ता अरुंद झाला. उजवीकडे खडकाची भिंत, डावीकडे दरी, आणि समोरून एक लांबलचक बस. बस थांबली. ड्रायव्हरने हात करून खूण केली, या. काकूंनी गाडी पुढे घेतली. डावी बाजू त्यांच्या रक्तात होती. बसच्या अंगाला दोन बोटांचं अंतर ठेवून त्या अशा सरकल्या की बसमधल्या लोकांनी काचेला नाकं लावली. डावी बाजू चोख. पण उजवी? इतकी वर्षं त्या सीटवर बसताना उजव्या बाजूला दुसरा माणूस असायचा. ती बाजू त्याची. काकूंनी ती कधी पाहिलीच नव्हती.

आधी आरसा मोडल्याचा आवाज आला, मग पत्रा खरवडल्याचा, लांब.

बस गेली. ड्रायव्हरने जाता जाता हात वर केला, जणू काही झालंच नाही. काकू खिंडीच्या टोकाशी असलेल्या मोकळ्या जागेत थांबल्या आणि उतरून उजवीकडे गेल्या. आरसा वायरला लोंबकळत होता. दोन्ही दारांवर एक पांढरी रेघ होती आणि मागच्या दारात वाटीएवढा पोचा. हे ओरखडा म्हणण्यापलीकडचं होतं. वारा इतका होता की डोळ्यांतलं पाणी कशाचं हे सांगता आलं नसतं.

लपवता आलं असतं. पण काकूंनी मुलाला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. त्याने आधी लागलं का ते विचारलं. नाही म्हटल्यावर शांतपणे म्हणाला की तिथेच गाड्यांच्या ऑफिसला कळव, ते येऊन घेऊन जातील, खिंडीतून खाली बस जाते, त्या बसने ये. त्याच्या आवाजात राग नव्हता. सुटल्यासारखं होतं काहीतरी, आणि काकूंना तेच बोचलं.

बसचा थांबा समोरच होता. बाकावर दोन माणसं बसलीही होती. त्यांच्या शेजारी जाऊन बसलं की झालं, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या कुणीतरी आपल्याला खाली न्यायचं. काकूंनी त्या बाकाकडे नीट पाहिलं. मग लोंबकळणारा आरसा बॅगेतल्या चिकटपट्टीने दाराला घट्ट बांधला.

"नाही येत बसने," त्या फोनवर म्हणाल्या.

"आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. तो मोडतेय."

"असं कसं मोडतेस?"

"जसा लोक मोडतात तसाच. चूक माझीच आहे, उजवी बाजू मी बघितली नाही. आता बघेन. रागव हवं तर, मी ऐकून घेईन. पण गाडी मीच खाली नेणार."

तिकडे फोन नवऱ्याने घेतला असावा, कारण दमलेल्या आवाजात प्रश्न आला, "अगं, खाली उतरताना वळणं किती आहेत?" काकू म्हणाल्या, "तू मोजू नकोस, तुला चक्कर येईल," आणि फोन ठेवला.

उतरताना त्या प्रत्येक वळणाला उजवीकडे मान वळवत होत्या, इतकी की संध्याकाळी मानच धरली. कुणाच्या हॉर्नला त्यांनी दाद दिली नाही. पुढचे दिवसही त्या चिकटपट्टीच्या आरशासकट त्यांनी आणखी घाट पालथे घातले, एकही सोडला नाही. गाडी परत करताना त्या ऑफिसातल्या पोरगेल्या माणसाने दारं पाहून शीळ घातली. काकूंनी दुरुस्तीचे पैसे भरले आणि त्याच्याकडून एक चॉकलेट मागून घेतलं.

घरी आल्यावर मुलगा दोन वेळा जेवायला आला, जेवला आणि गेला. नणंद आली, तिला बोलायला तोंड पुरेना. आपल्या वयाच्या बायकांनी कसं वागावं हे तिने पुरतं सांगून घेतलं आणि शेवटी, फोटो आहेत का, हेही विचारलं.

सकाळी काकू बाहेर आल्या तेव्हा मुलगा पांढऱ्या गाडीपाशी उभा होता. सकाळच्या पहिल्या धड्याला आलेल्या बाई बाकावर बसल्या होत्या. मुलाने तळहात पुढे केला. किल्लीसाठी. त्या बाईंसमोर, मुद्दामच.

काकूंनी त्याच्या तळहाताकडे पाहिलं. हातात गाडी पुसायचं फडकं होतं, ते त्यांनी त्यावर ठेवलं.

"मागची काच नीट पूस," त्या म्हणाल्या, "काल कुणीतरी बोटं उमटवली आहेत."

मग विद्यार्थिनीला म्हणाल्या की आज उजवीकडे मी बसते, तुम्ही डावीकडे या. गोदामांच्या मागे नको, गावाबाहेरच्या चढाने जाऊ. आधी मी चालवते, तुम्ही बघा. नंतर तुम्ही. बाई गोंधळून डावीकडे बसल्या आणि खालचे दोन पॅडल पाहून घाबरल्या. म्हणाल्या, काकू, ब्रेक माझ्याकडे आहे, दाबला गेला तर?

"दाबायचा नाही," काकू म्हणाल्या आणि गाडी सुरू केली.

मुलगा फडकं घेऊन तिथेच उभा राहिला. मागची काच अर्धीच पुसून झाली होती.