नरकाच्या दारांचं बारसं

नरकाला जेवढी दारं आहेत त्यातली निम्मी तरी माझ्या साडूने बसवलेली असतील, आणि त्यातल्या एकाही दाराला अजून कोणी भ्यालेलं नाही. हाच त्याचा धंदा आहे. मोबाईलवर भुताखेतांचे खेळ काढणारी एक कंपनी आणि कानात ऐकायच्या भयकथा काढणारी दुसरी, अशा दोघींचं काम तो करतो. दोन्हीकडे नायक शेवटी कुठल्या तरी दारातून पाताळात उतरतो. त्या दाराचं नाव काय, हे नागपुरात मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर बनियनवर बसलेला हा माणूस ठरवतो. चांगला इंजिनियर झालेला माणूस हो! कोणी विचारलं की ऐटीत सांगतो, "मी द्वारांचं नामकरण बघतो." ऐकणाऱ्याला वाटतं, महानगरपालिकेत कमानींच्या खात्यात असेल. मी कधी कोणाचा तो समज दूर केला नाही.

त्याची नाव पाडायची रीत पाहिली तर लहान मूलही करील हे काम. संस्कृतातला एक जड शब्द घ्यायचा, त्याला शेवटी द्वार, विवर नाही तर मुख चिकटवायचं, की झालं. कृतांतद्वार, तमिस्रविवर, कराळमुख! "जोडाक्षराशिवाय भीती बसत नाही, भाऊ," असं तो मला डोळे बारीक करून समजावतो. अरे, मे महिन्यात भर दुपारी नागपुरात आपल्याच घराचं दार उघडून बघ, म्हणावं. कूलरपासून चार पावलं दूर गेलं की पाताळच आहे, त्याला नाव कशाला पाहिजे? पण नाही. नाव सुचलं की हा संडासात जाऊन कडी लावतो, कारण तिथे आवाज घुमतो म्हणे, आणि पोटातून खर्ज काढून "कराऽऽळमुख" असं चार-पाचदा ओरडतो. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या मेहुणीला जिन्यात गाठून अगदी हळू आवाजात विचारलं, "यायले मूळव्याध हाय का वं?" मेहुणी बिचारी "हो" म्हणून मोकळी झाली. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि नाव पक्कं झालं की बारसं! थट्टा नाही करत, खरोखरचं बारसं. पाटावर लॅपटॉप, लॅपटॉपला हळदीकुंकू, आणि नावाचा उच्चार करायच्या आधी आम्ही सगळ्यांनी "कुर्रर्र" करायचं. मग घुगऱ्या वाटायच्या. मी पन्नाशीचा माणूस, बँकेत हाताखाली लोक असलेला, आणि नरकाच्या दारासाठी कुर्रर्र करतो! सासूबाईंनी पहिल्या बारशाला अगदी मनापासून विचारलं, "रास कोणती निघाली, बापू?" हा शहाणा खेळाची जन्मवेळ काढून बसला. तूळ निघाली. तुळेला र किंवा त पाहिजे, म्हणून ठरलेलं कृतांतद्वार रद्द करून तमिस्रविवर ठेवलं. कंपनीतल्या साहेबाने नाव का बदललं म्हणून विचारलं, तर याने त्याला राशीचं कारण कळवलं. त्या साहेबाने अजून याला कामावर कसं ठेवलंय, हे मला कळलेलं नाही.

पण कंपनीच्या पसंतीचं याला काही नव्हतं. याला पसंती हवी होती ती एकाच माणसाची, आमच्या सासऱ्यांची. मामाजी खाप्याचे, संत्र्याची बाग, बोलणं मोजकं. लग्न ठरताना त्यांनी "पोरगा काय करते?" विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून नुसतं पाणी मागितलं होतं. ते पाणी याच्या जिव्हारी लागलं. मामाजी एकदा, फक्त एकदा आपलं नाव ऐकून दचकले पाहिजेत, हा याने ध्यासच घेतला. दर रविवारी मला सोबत घेऊन खाप्याला जायचं, मामाजी संत्री निवडत बसलेले असायचे तिथे समोर उकिडवं बसायचं आणि खर्जात नवं नाव टाकायचं. कृतांतद्वार ऐकून मामाजी म्हणाले, "हे तं चूर्ण वाटते. उपाशीपोटी घ्या लागते का जेवल्यावर?" कराळमुख ऐकून म्हणाले, "लग्नाचं लॉन हाय काय? थंडगार यशी हॉल असन तं सांगा, नातीच्या कामी येईन." तोंडावरची रेषसुद्धा हलायची नाही. हा पडलेल्या चेहऱ्याने परत यायचा आणि रस्ताभर माझं डोकं खायचा.

मग मामाजींच्या छातीत दुखलं, आणि हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी त्यांना ऑपरेशनला न्यायचं होतं. आम्ही दोन्ही जावई स्ट्रेचरसोबत दारापर्यंत गेलो. साधं पांढरं दार, त्यावर "आत येऊ नये" एवढंच लिहिलेलं. मामाजींनी मान वळवून त्या दाराकडे पाहिलं आणि एकदम साडूचं मनगट धरलं. माझा हात जवळ होता, पण धरलं त्याचं. म्हणाले, "बापू, मले भेव लागून राहिलं."

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हा रडणार आणि म्हाताऱ्याचा उरलासुरला धीर घालवणार. तर हा वाकला आणि भर दवाखान्यात तो संडासातला खर्ज लावून ओरडला, "कृतांऽऽतद्वार! उपाशीपोटी, कोमट पाण्यासंगं! कराऽऽळमुख लॉन! यशी हॉल, पार्किंगची सोय, वरातीले घोडा फुकट!" वॉर्डबॉय जागीच थांबला. नर्सबाईंनी असे डोळे वटारले की मीच दोन पावलं मागे सरलो. पण मामाजी हसायला लागले. अंगावरची चादर हलेपर्यंत हसले. "बस करा बापू," म्हणाले, "टाके पडाच्या आधीच उसवान मले." हसतच आत गेले. दार बंद झालं.

बाहेर हा बाकावर येऊन बसला. मग म्हणाला, "भाऊ, खरं सांगा. माझं एक तरी नाव भेव वाटण्यासारखं आहे का?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून रडला.

मामाजी त्या दारातून परत आले. संत्र्याचा आणखी एक बहार त्यांनी पाहिला आणि मग एके दुपारी बागेतल्या खाटेवर झोपले ते उठले नाहीत. साडूचा धंदा चालूच आहे. दाराला नाव सुचलं की तो आता मला फोन करतो. मी ऐकतो आणि खरं तेच सांगतो, की भिकार आहे. तो वाद घालत नाही. नुसतं विचारतो, "मामाजी काय म्हणाले असते, भाऊ?" मी खूप डोकं खाजवतो, पण त्यांच्यासारखं काही मला सुचत नाही. मग आम्ही दोघंही फोन तसाच कानाला धरून बसतो.