सिनेमातल्या बाईनं गोळ्या फेकल्या तवा

मी झाडीपट्टीच्या नाटकात जोकर. शाळेत गेलो नाई. लोकं हासले का मले लगेच समजते, रडले का उशिरा समजते. बायको महिनाभर खोकलून रायली होती, तेबी मले शेजारनीनं सांगितलं. सरकारी दवाखान्यात टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या.

ती रविवारी प्रार्थनेले जाते. मी शेवटी चहाच्या टायमाले पोचतो. एकडाव तिथं येशूवरच्या विश्वासाचा हिंदी सिनेमा लावला, म्हून लवकर गेलो. पडद्यावरची बाई मराले टेकली होती. मी जिंदगीभर तोंडाले रंग फासनारा मानूस, मले पयलेच दिसलं, मरनाऱ्या बाईच्या गालावर लाली. मंग तिनं प्रार्थना केली, गोळ्या फेकल्या, अन् गानं वाजताच अंगनात पयाली.

दुसऱ्या दिवसापासून माया बायकोनं गोळ्या बंद केल्या. म्हने, गोळी खाल्ली म्हनजे विश्वास कमी पडला.

माया टकुराच फिरला. नाटकात मीबी रोज मरतो, अन् पडदा पडला का उठून आलुबोंडा खातो. पन मी कोनाले सांगतो काय, का तुमीबी मरून पाहा म्हून? या सिनेमावाल्याइले कोनी इचारत काऊन नाई?

तनतनत प्रार्थना घेनाऱ्या पास्टरकडं गेलो. भांडाचं होतं, पन सवयीनं त्या बाईची नक्कल निघाली तोंडातून, अन् तो हासला. मंग त्यानं बायकोच्या गोळ्यांचं आयकून घेतलं. संध्याकाळी घरी आला, बायकोले म्हने, "बाई, मी शुगरची गोळी खाऊनच प्रार्थनेले उभा रायतो. देवाले चालते ते."

मानूस खरा बोलला. एवढं एक वाक्य सिनेमात टाकाले काय धाड भरली होती?

बायको तरी गोळीले हात लावे ना. पास्टर गेल्यावर म्हनली, "मी काय सिनेमात त्या फेकलेल्या गोळ्या पाहून रडली? त्या बाईचा नवरा उशाशी बसून तिले पेज चारते. तुमी बसले काय कवा?"

तेवढं त्या सिनेमात खरं होतं, नाई कसं म्हनू? पेज चारली तवा अख्खी खोली रडली होती. मी चहा कुठं शिजून रायला ते पाहून रायलो होतो.

आता रोज सकाळी पेज मीच करतो. खाली लागते, करपते. ती तोंड वाकडं करून खाते, मंग हात पुढं करते, मी गोळी देतो.

सिनेमातल्या नवऱ्याची पेज एकदाबी करपली नाई. त्याचाबी राग आहे मले.