नोटीस येऊ नये म्हणून

आमच्या समोरच्या दारात राहणारे दत्तप्रसाद बेहेरे साधे, सरळ आणि विलक्षण हट्टी गृहस्थ आहेत. त्यांच्यावर मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की या बाईंना झालंय तरी काय.

बेहेरे चौतीस वर्षं एका कर-कार्यालयात जावक विभागात होते. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावरून जायचं आणि त्यातली निम्मी पत्रं म्हणजे नोटिसा. पाकिटावर पत्ता लिहायचा, वहीत नोंद करायची, पोस्टात धाडायचं. बरं, तेवढ्यावर सुटका नव्हती. ज्यांना नोटिसा गेल्या ती माणसं आठ-पंधरा दिवसांनी याच खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसायची. एका कापडवाल्याची हकिगत त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितली असेल. तो माणूस सलग आठ दिवस आला. नवव्या दिवशी त्याचा मुलगा आला, डोक्यावरचे केस उतरवलेला. "चूक तीनशे रुपयांची होती, लेलेबाई," बेहेरे म्हणायचे, "आणि पाकिटावरचं अक्षर माझं होतं."

या माणसाला आयुष्यात एवढीच गोष्ट हवी होती, की आपल्याला आणि आपल्या माणसांना नोटीस येऊ नये. बायको गेल्यावर तर दुसरं काही उरलंच नाही. निवृत्त झाल्यापासून दर जुलैत आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतल्या वीसेक घरांची आयकराची रिटर्नं ते फुकट भरून देत. माझंही. त्यांची पद्धत ठरलेली. आधी सव्वीस एएस नावाचा कागद छापून घ्यायचा. तुमच्या नावावर कुणी किती कर कापून सरकारजमा केला, त्याची ती सरकारी यादी. तिच्यातली ओळ न् ओळ पेन्सिलने टिकमार्क करायची आणि मगच फॉर्म उघडायचा. आपल्याला काय आठवतं याला त्यांच्या लेखी किंमत शून्य. "इथे दिसतंय ना? मग झालं ते," असं म्हणून ते पुढच्या ओळीवर जात.

सरकारने क्रिप्टोवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्या आभासी नाण्यांवर, तीस टक्के कर लावला ते २०२२ साल. शिवाय प्रत्येक विक्रीवर एक टक्का आधीच कापून घ्यायचा नियम आला. तिसऱ्या मजल्यावरचा आमोद आयटीत आहे, तो थोडंफार हे घ्यायचा-विकायचा. त्याच्या सव्वीस एएसमध्ये पहिल्यांदा ती ओळ उमटली आणि बेहेऱ्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. तोपर्यंत हा सगळा प्रकार त्यांच्या मते जुगार होता. त्या दिवसापासून नाही.

"सरकारने आपला हिस्सा घेतला म्हणजे धंदा मान्य केला," बेहेरे म्हणाले.

"काका, उलटं आहे," आमोद म्हणाला. "टॅक्स घेतात, पण लीगल आहे असं कुठेच म्हणत नाहीत. उद्या पैसे बुडाले तर कुणाकडे जाणार? रेग्युलेटरच नाहीये. आणि लॉस सेट-ऑफपण नाही. एकात कमावले, दुसऱ्यात घालवले, तरी कमाईवर पूर्ण टॅक्स."

"कायदा कडक आहे म्हणून वाईट होत नाही. आणि नोंद आहे की नाही?"

"नोंद आहे. जबाबदारी नाहीये."

"तुमच्या पिढीला नोंद म्हणजे काय ते कळायचं नाही," असं म्हणून बेहेऱ्यांनी विषय मिटवला. हा वाद पुढे दोन वर्षं जिन्यात, पार्किंगमध्ये, गच्चीवर चालू होता. मी ऐकायची आणि मला मजा वाटायची. खरंच मजा वाटायची, लपवत नाही.

मग एक व्याख्यान झालं. फुकट होतं, मराठीत होतं आणि ठरल्या मिनिटाला सुरू झालं. पुण्यात माणसाचा विश्वास बसायला याहून जास्त काय लागतं? वक्ता एका क्रिप्टो कंपनीचा होता. नफ्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही, तासभर फक्त कराबद्दल बोलला. इतर लोक कर चुकवतात, आम्ही एक टक्का कापून वेळेवर भरतो, स्वतः तपासून बघा, म्हणाला. आता मला कळतं की तो गळ कुणासाठी टाकला होता. लोभी माणसं त्या सभागृहात नव्हतीच. तिथे पावत्या जपून ठेवणारी माणसं बसली होती.

बेहेऱ्यांनी स्वतःचे एक लाख घातले, तीन महिन्यांनी काढले. पैसे बँकेत आले आणि काही आठवड्यांनी सव्वीस एएसमध्ये एक टक्क्याची ओळही आली. तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले. बायको हयात असतानाही त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. कंपनीने खरोखर कर भरला होता. मी कागद पाहिला, त्यावर बोट ठेवलं. त्यात काही खोटं नव्हतं.

इथे हेमाताई येतात. बेहेऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, एका ग्रंथालयात नोकरी केली, तीस वर्षं हडपसरला एका खोलीत भाड्याने राहिल्या. साठीनंतर त्यांनी स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. लोणी काळभोरला महिपतराव नावाच्या गृहस्थांनी मळ्याच्या कडेला छोटी इमारत बांधायला घेतली होती, तिच्यात दोन खोल्या. हेमाताईंनी आठ लाख भरून त्या धरून ठेवल्या. जवळ आणखी चौदा लाख होते आणि अडीनडीला ठेवलेली साडेतीन लाखांची एफडी. किमतीला पाच-सहा लाख कमी पडत होते. तिथल्या खिडकीला कुठला पडदा लावायचा, हे त्या मला प्रत्येक भेटीत सांगायच्या आणि प्रत्येक भेटीत पडद्याचा रंग बदललेला असायचा.

त्यांचे सगळे व्यवहार दादाच बघायचा. बँकेचा पासवर्ड, पॅन, सगळं त्याच्याकडे. त्यात वावगं कुणालाच वाटत नव्हतं, हेमाताईंना तर मुळीच नाही. चौदा लाख त्या कंपनीत घालायचे ठरले तेव्हा मात्र त्या जाता जाता माझ्या दारात थांबल्या.

"बाई, तुम्हाला काय वाटतं हो? दादा म्हणतोय वर्षात भागेल."

मला काय वाटत होतं? मला आमोदचं म्हणणं पटत होतं. पण गॅसवर दूध होतं, बेहेरे त्यांच्या दारात उभे होते, आणि त्यांच्यासमोर त्यांना चूक ठरवायचं म्हणजे तासाची निश्चिंती.

"बेहेरे कागद तपासल्याशिवाय काही करत नाहीत," मी म्हणाले. हे वाक्य खरं होतं आणि ते बोलल्याची मला आज लाज वाटते.

त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत संगणकाच्या पडद्यावरचा आकडा पंचवीस लाखांवर गेला. कंपनीतून फोन आला, हे विकून टाका आणि सगळे पैसे दुसऱ्या, अधिक चांगल्या नाण्यात घाला. बेहेऱ्यांनी तसं केलं. विक्रीवर एक टक्का कापला गेला, पंचवीस हजार, आणि तो हेमाताईंच्या सव्वीस एएसमध्ये यथावकाश आलाही. महिपतरावांना त्यांनी कळवून टाकलं की मार्चमध्ये सगळे पैसे देतो.

जानेवारीत आमोद वर आला. सरकारकडे नोंद केलेल्या क्रिप्टो कंपन्यांची यादी निघाली होती आणि त्यात या कंपनीचं नाव नव्हतं.

"काका, आजच्या आज काढा. प्लीज."

"ती यादी निराळ्या खात्याची. कर तर भरतायत ना?"

"एक टक्का भरतायत! नव्याण्णव टक्के त्यांच्याकडे आहेत!"

आमोद कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी जिन्यातली दोन दारं उघडली. बेहेऱ्यांनी आपलं दार शांतपणे लावून घेतलं. पण मला वाटतं ते घाबरले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे काढायचा अर्ज केला. उत्तर आलं, पंधरा दिवस लागतील. मग महिना लागेल. मग उत्तर यायचं थांबलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडद्यावर दुसऱ्या नाण्यासमोर शून्य दिसू लागलं आणि चार दिवसांनी पडदाच उघडेना. ऑफिसला कुलूप होतं. बाहेर पन्नास-साठ माणसं उभी होती, बहुतेक पांढऱ्या केसांची, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल. आरडाओरडा कुणी करत नव्हतं. एकमेकांना आपापले सव्वीस एएस दाखवत होते.

पोलिसांत तक्रार झाली. हेमाताई त्या काळात दादाला एक शब्द लावून बोलल्या नाहीत, आणि मला ते सहन होत नव्हतं. मे महिन्यात त्या एकट्याच लोणीला गेल्या आणि महिपतरावांना सगळं सांगून आल्या. परत येताना आमच्याकडे चढल्या तेव्हा किती महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला.

"ते म्हणाले, 'ताई, रडू नगा. खाली एक खोली हाय, मोरीसकट. आठ भरलंत, साडेतीन आणखी द्या, खोली तुमची. आगस्टपतुर थांबतो मी.'" हेमाताई हसल्या. "एफडी आहे ना माझी तेवढी! ती ऑगस्टमध्येच पिकतेय. दादाला सांगितलंय मी."

हडपसरच्या मालकांनाही ऑगस्टअखेर खोली रिकामी हवी होती. सगळं कसं एका तारखेवर येऊन जमत होतं. मी देवापुढे साखर ठेवली.

आणि मग जुलै आला.

बेहेऱ्यांनी हेमाताईंचा सव्वीस एएस छापला. त्यात ती ओळ होती. पंचवीस लाखांची विक्री, पंचवीस हजार कर कापला. चौदाचे पंचवीस झाले म्हणजे अकरा लाख नफा. त्यावर तीस टक्के आणि वरचा उपकर. दुसऱ्या नाण्यात पंचवीस लाख बुडाले ते वजा होत नाहीत, कायद्यात तसं स्पष्ट आहे. कापलेला कर सोडून भरायचे तीन लाख अठरा हजार, व्याज वेगळं.

आमोदला हे मी सांगितलं तसा तो धावत आला. "काका, हा लॉस नाहीये, चोरी आहे! तो नफा कधी झालाच नाही. आकडे त्या लोकांनी स्क्रीनवर टाईप केले होते. एफआयआर जोडा, चांगला सीए बघू, लढू. खात्याला समजावता येतं."

"म्हणजे नोटीस येणार," बेहेरे म्हणाले.

"येऊ दे ना! उत्तर देऊ."

"तुला माहीत नाही नोटीस म्हणजे काय."

"बेहेरे," मी म्हणाले, आणि यावेळी गॅसवर काही नव्हतं, "ते पैसे हेमाताईंच्या खोलीचे आहेत. तुम्ही हात लावायचा नाही. मी सांगून ठेवते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल होते, दाढी वाढलेली. त्या कापडवाल्याची हकिगत त्यांनी पुन्हा सांगितली नाही, पण ते त्याच बाकाकडे बघत होते हे मला स्वच्छ दिसलं. बाकावर आता हेमा बसलेली त्यांना दिसत असावी. "एकसष्ट वर्षांची बाई आहे ती," ते पुटपुटले. "एकटी. तिला नाही झेपायचं." मग म्हणाले, बघतो, विचार करतो. मी त्यावर विश्वास ठेवला आणि घरी आले. हेमाताईंना त्याच क्षणी फोन करायला हवा होता. भावाबहिणीत आपण कशाला पडा, असं वाटलं मला. पुन्हा तेच.

एकतीस जुलैला, रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराला हेमाताई आल्या. येताना पेढे आणले होते. महिपतरावांनी खोलीला रंग लावायला घेतला होता, आणि एफडी आठ दिवस आधी मोडली तर व्याज कितीसं जाईल, हे दादाला विचारायचं होतं. मी त्यांच्यामागून आत गेले.

बेहेरे संगणकासमोर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दादा, एफडी मोडायची आहे ना?"

"मोडली," बेहेरे म्हणाले. "सकाळी कर भरला तुझा. आता कुणी तुला काही विचारणार नाही, हेमा. तुझ्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही."

हेमाताईंना पहिल्यांदा समजलंच नाही. त्यांनी हसून माझ्याकडे पाहिलं, मी समजावून सांगेन म्हणून. मी बेहेऱ्यांकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि त्या स्टुलावर बसल्या. पेढ्यांचा पुडा मांडीवरच होता. मला बेहेऱ्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण ते इतक्या मन लावून, इतक्या मायेने रिटर्नमधलं बहिणीचं नाव एकेक अक्षर तपासत होते की माझा हात उचलेना.

नाव झालं. पॅन झाला. जन्मतारीख झाली. पुढच्या चौकटीशी त्यांची बोटं थांबली.

"हेमा," त्यांनी न वळता विचारलं, "ऑगस्टनंतरचा पत्ता काय लिहू?"